पायुट ट्रेलवर एटीव्ही नेण्यापूर्वी: नियोजनातील या चुका टाळा

अमेरिकेतील युटा राज्याच्या मध्यभागी, फिशलेक राष्ट्रीय वनक्षेत्रातून, पायुट एटीव्ही ट्रेल नावाची वर्तुळाकार वाट जाते. एटीव्ही किंवा क्वाड म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी, जाड टायरची चारचाकी, जिच्यावर बाइकसारखे बसतात. तिचे मुख्य वर्तुळ सुमारे २७५ मैलांचे, म्हणजे जवळपास ४४० किलोमीटरांचे आहे आणि त्याला फुटणाऱ्या, खुणा लावलेल्या उपवाटा मिळून हजार मैलांहून अधिक भरतात. मेरिसव्हेल, रिचफील्ड, फिलमोर अशा गावांना स्पर्श करत ही वाट ज्या डोंगररांगा चढते, त्यांपैकी सर्वांत उंच रांगेचे नाव ‘तुषार’ आहे, आणि नकाशावर ते प्रथम वाचणारा मराठी माणूस क्षणभर थबकतोच. खोऱ्यात पाच-सहा हजार फुटांवर असलेली वाट तुषार रांगेत अकरा हजार फुटांच्याही वर जाते. बे एरिया, फिनिक्स, डेन्व्हर येथील मराठी मित्रमंडळी जुलैच्या जोडसुट्टीत इकडे येऊ लागली आहेत. त्यांच्याबरोबर केलेल्या सहलींत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, आणि ज्यांतील काही मीही केल्या आहेत, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

मैलांवरून दिवस आखणे

बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे. नकाशावर १०० मैल दिसले की महामार्गाची सवय असलेले मन त्याचे दीड तासात रूपांतर करते. परंतु या वाटेवर खडक, ओढे, फाटके, आंधळी वळणे आणि समोरून येणारी वाहने लक्षात घेता, प्रत्यक्ष चालण्याचा सरासरी वेग ताशी १० ते १५ मैलांपेक्षा जास्त धरू नये. त्यात जेवण, विश्रांती, इंधन, चुकलेला फाटा आणि एखाद्या यंत्राची किरकोळ दुरुस्ती मिळवली की नवख्या गटासाठी दिवसाला ६० ते ७० मैल हा वास्तव आकडा उरतो. म्हणजेच संपूर्ण वर्तुळाला किमान चार दिवस द्यावेत, किंवा तीनच दिवस हाती असतील तर वर्तुळाचा हट्ट सोडून एकाच गावात मुक्काम करावा आणि रोज वेगळ्या दिशेला जाऊन परत यावे. पहिल्या सहलीसाठी मी दुसऱ्या पर्यायाचीच शिफारस करतो, कारण त्यात सामान गाडीवर लादावे लागत नाही आणि बिघडलेले यंत्र संध्याकाळी नीट पाहता येते.

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही सहा जण होतो आणि पहिल्याच दिवशी ११० मैल ठरवले होते. दुपारी अडीचच्या सुमारास एका उपवाटेवर मित्राच्या क्वाडचा मागचा टायर रिमवरून उतरला. हवा भरण्याचा पंप आमच्याकडे होता, पण तो गावात उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये होता. दोघे जण तो आणायला गेले आणि परत येईपर्यंत सूर्य मावळला. उरलेले आम्ही चौघे दहा हजार फुटांवर विंडचीटर घालून बसलो होतो आणि रात्री उतरताना सगळ्यांच्या टाक्या तळाला टेकल्या होत्या. कोणाला इजा झाली नाही. मात्र त्या दिवसापासून मी दर सकाळी ‘परतीची वेळ’ लिहून काढतो: कितीही जवळ आलो असलो, समोरचा माथा कितीही मोहक असला, तरी घड्याळात ती वेळ झाली की गट मागे वळतो. दिवसाच्या एकूण उजेडाच्या अर्ध्याहून आधी ही वेळ यायला हवी, कारण येताना झालेला उशीर परतताना भरून निघत नाही.

ऋतू आणि घड्याळ

मे महिन्यात खोऱ्यात हवा उबदार असते आणि तेवढ्यावरून लोक तारखा पक्क्या करतात, परंतु तुषार रांगेतील उंच खिंडींत हिवाळ्याचा बर्फ जूनच्या अखेरीपर्यंत, काही वर्षी जुलैपर्यंतही टिकतो. वाटेचा एकच तुकडा बर्फाने बंद असला तरी संपूर्ण वर्तुळ तुटते आणि तोपर्यंतचे सगळे अंतर मागे यावे लागते. निघण्यापूर्वी वनखात्याच्या रिचफील्ड किंवा बीव्हर येथील कार्यालयात फोन करून उंच भागाची स्थिती विचारणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी अडचण येते. या प्रदेशालाही मान्सून आहे, मात्र तो आपल्यासारखा दिवसभर कोसळत नाही. सकाळ निरभ्र असते, दुपारी ढग दाटतात आणि विजांसह तासाभराचा जोरदार पाऊस येतो. ज्या उंचीनंतर झाडे वाढत नाहीत, त्या रेषेच्या वरच्या उघड्या कड्यावर एटीव्हीवर बसलेला माणूस हाच त्या वेळी आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो. म्हणून उंचीचा भाग सकाळीच उरकून मध्यान्हापूर्वी झाडांत उतरावे, म्हणजे सात वाजता निघावे. पोहे होईपर्यंत नऊ वाजणाऱ्या गटाने त्या दिवशी उंच खिंडीचा बेत ठेवू नये. पाऊस थांबल्यावरही लगेच निघण्याची घाई नको. येथील चिकणमातीची वाट ओली असताना साबणासारखी निसरडी होते, चाकांच्या खोल चऱ्या पडून ती पुढच्यांसाठीही खराब होते, आणि ऊन पडले की बहुधा एक-दोन तासांत ती पुन्हा चालण्याजोगी होते.

अकरा हजार फुटांवरील हवा खोऱ्यापेक्षा साधारण १० अंश सेल्सिअसने थंड असते. त्यामुळे जुलैतही गरम थर, पाण्याचा रेनकोट आणि बोटे झाकणारे हातमोजे प्रत्येकाच्या पाठपिशवीत हवेत. समुद्रसपाटीवरून थेट आलेल्यांना डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे असे त्रास होतात. त्यांनी पहिली रात्र खोऱ्यात काढावी, भरपूर पाणी प्यावे आणि त्रास वाढला तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावे.

यंत्राची रुंदी, परवाना आणि नकाशा

भाड्याने घेताना चौघांसाठी एकच मोठी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसने आणि कारसारखे स्टिअरिंग असलेली गाडी) घेणे स्वस्त वाटते, परंतु त्या गाड्या साधारण ६० इंच किंवा त्याहून रुंद असतात आणि राष्ट्रीय वनक्षेत्रातील काही वाटा ५० इंचांपर्यंतच्याच वाहनांना खुल्या असतात. कोणत्या वाटेवर किती रुंदीचे वाहन आणि वर्षातील कोणत्या काळात चालते, हे वनखात्याच्या मोफत मिळणाऱ्या मोटर वाहन नकाशावर छापलेले असते. तो नकाशा दिसायला रुक्ष असला तरी कायद्याने तोच प्रमाण आहे. आधी तो पाहावा आणि मग गाडी ठरवावी. मोबाइलमध्ये तो उतरवून घ्यावा आणि कागदी प्रतही ठेवावी, कारण फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते आणि दिवसभराच्या हादऱ्यांनी चार्जिंगची वायर निसटते.

२०२३पासून युटामध्ये सार्वजनिक जमिनीवर असे वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही वयाचा असो, ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. परराज्यातून आणलेल्या वाहनाला वेगळा परवाना लागतो आणि १८ वर्षांखालील सर्वांना हेल्मेट सक्तीचे आहे. हेल्मेट मोठ्यांनीही घालावेच, ही माझी ठाम भूमिका आहे. खुणा केलेली वाट सोडून कुरणात किंवा झाडीत गाडी घालणे बेकायदा आहे, आणि त्यामागे चांगले कारण आहे: पँडो हा सुमारे ४३ हेक्टरांवर पसरलेला, एकाच मुळातून हजारो खोडे उगवलेला अ‍ॅस्पेन वृक्ष याच वनक्षेत्रात आहे, आणि येथील माती चाकाखाली एकदा दाबली गेली की वर्षानुवर्षे सावरत नाही.

इंधन, पाणी आणि वजन

इंधनाचा हिशेब तृतीयांशाने करावा: एक भाग जाण्यासाठी, एक परतण्यासाठी आणि एक राखीव. पुस्तिकेतील मायलेज येथे लागू होत नाही, कारण चढावर लो गिअरमध्ये इंजिन अधिक पेट्रोल खाते आणि उंचीमुळे, दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के या हिशेबाने, त्याची ताकदही कमी होते. मेरिसव्हेलहून खिंडीपर्यंत जाताना सुमारे १५ टक्के शक्ती अशी हरवते. यंत्र बिघडले असे समजून लोक तेथे उगाच खोलाखोल करत बसतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या यंत्रात मात्र उंचीवर मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन इंजिन खरोखरच गुदमरते, तेव्हा तशा यंत्राचे जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा छिद्राचा भाग) निघण्यापूर्वी बदलून घ्यावे.

पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर धरावे. हे सर्व सामान कॅरिअरवर उंच रचणे ही सर्रास दिसणारी आणि अतिशय धोकादायक चूक आहे. गुरुत्वमध्य वर गेला की आडव्या उतारावर गाडी सहज कलंडते, आणि मागे जादा वजन असेल तर खड्या चढावर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सुटते. जड वस्तू खाली आणि पुढे-मागे विभागून ठेवाव्यात, आणि रॅकवर लिहिलेली वजनमर्यादा काटेकोरपणे पाळावी.

बाइक येते म्हणून एटीव्ही येते, हा समज

आपल्यापैकी अनेकांनी लडाखला बुलेट नेलेली असते, किंवा लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये आखीव रिंगणात एटीव्ही फिरवलेली असते, आणि त्या आत्मविश्वासावर पहिल्याच दिवशी घाट चढायला सुरुवात होते. बाइक वळणात आपोआप आत झुकते. एटीव्ही झुकत नाही, उलट बाहेरच्या बाजूला उलटू पाहते, म्हणून चालकाने स्वतःचे शरीर आत झुकवावे लागते. चढावर पुढे, उतारावर मागे आणि आडव्या उतारावर वरच्या बाजूला वजन सरकवणे हे सवयीने येते, आणि त्या सवयीसाठी पहिली अर्धी सकाळ सपाट मैदानात खर्च करावी. खडबडीत वाटेवर तोल जाईल असे वाटताच पाय जमिनीवर टेकवण्याची बाइकची प्रतिक्षिप्त क्रिया येथे घातक ठरते, कारण पाय मागच्या चाकाखाली जातो. एका माणसासाठी बनवलेल्या एटीव्हीवर मागे कोणालाही बसवू नये, मुलांना तर कधीच नाही.

वाटेत बिघाड झाला तर

टायरमधील हवा साधारण ५ ते ७ पीएसआय असते आणि कारचा दाबमापक इतका कमी दाब नीट दाखवत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावा. पंक्चरला प्लग पुरतो. टायर रिमवरून उतरला असेल, तर रॅचेटचा पट्टा टायरच्या घेराभोवती आवळून मग पंपाने हवा भरावी; पट्ट्याच्या दाबाने कडा रिमला चिकटतात. आमच्या त्या पहिल्या दिवशी पट्टा होता, पण पंप नव्हता.

ओढ्यात इंजिन बंद पडले तर स्टार्टर अजिबात दाबू नये. आत पाणी गेले असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) उघडावा, त्यात पाणी दिसले तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवावे म्हणजे पाणी बाहेर फेकले जाते, आणि तेल तपासावे. तेल दुधाळ झाले असेल तर ते बदलेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

पाण्यातून आल्यावर इंजिनचा वेग वाढतो पण गाडी हलत नाही, अशी तक्रार रबरी बेल्टने चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या यंत्रात नेहमीची आहे: बेल्ट ओला होऊन घसरत असतो. कव्हरच्या तळाचा ड्रेन प्लग उघडावा आणि न्यूट्रलमध्ये काही मिनिटे मध्यम वेगाने इंजिन चालवून बेल्ट वाळू द्यावा. जळका वास येत असेल तर कारण वेगळे आहे. खड्या चढावर हाय गिअरमध्ये हळू चालल्याने बेल्ट तापतो, तेव्हा लो गिअर वापरावा. तापमानाचा दिवा लागला तर प्रथम रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल पाहावा, गाडी निवल्यावर हलक्या पाण्याने तो धुवावा, आणि गरम असताना झाकण कधीही उघडू नये.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे मोटरचे यंत्र) वापरताना झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा वापरावा, ताणलेल्या दोरावर जाड जाकीट टाकावे म्हणजे तो तुटल्यास उसळत नाही, सगळ्यांनी दोराच्या रेषेपासून दूर उभे राहावे आणि बॅटरी टिकावी म्हणून इंजिन चालू ठेवावे.

संपर्काचा भरवसा

वाटेचा मोठा भाग मोबाइलच्या टप्प्याबाहेर आहे. गटात किमान एक उपग्रह संदेशयंत्र किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (उपग्रहाला संकटाचा इशारा पाठवणारे यंत्र) हवा. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये उपग्रहावरून मदत मागण्याची सोय आहे, परंतु दाट झाडी आणि खोल घळ यांत त्याला आकाश दिसत नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. यंत्र गटातील एकाच्याच खिशात असते आणि दरीत पडणारा नेमका तोच असू शकतो, हे गृहीत धरून ते कसे वापरायचे हे प्रत्येकाने आदल्या रात्री शिकून घ्यावे.

मागे राहणाऱ्या एका व्यक्तीकडे, मग ती सॉल्ट लेक सिटीतील मित्र असो वा घरची मंडळी, रोजचा मार्ग वाटांच्या क्रमांकांसह, वाहनांचे रंग, गाडी व ट्रेलर उभे करण्याची जागा आणि परत आल्याचा निरोप देण्याची शेवटची वेळ लिखित स्वरूपात द्यावी. युटामध्ये शोध व बचावाची जबाबदारी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफची, म्हणजे तेथील पोलीस प्रमुखाची, असते आणि ही वाट अनेक काउंटींतून जाते. म्हणून त्या दिवसाचा मार्ग ज्या काउंटीत पडतो, तिच्या शेरीफ कार्यालयाचा फोन क्रमांकही त्याच कागदावर लिहून द्यावा, कारण परराज्यातून किंवा पुण्याहून ९११ हा अमेरिकेचा आपत्कालीन क्रमांक लावता येत नाही, किंवा लागला तरी तो फोन करणाऱ्याच्याच गावाला जातो.