टोमॅटो पेस्ट घरी कशी करायची आणि ती भाजीत कशी वापरायची

नारायणगाव, पिंपळगावकडची आवक वाढली की टोमॅटो एकदम स्वस्त होतात, तेव्हा मी ५ किलो आणते आणि सगळ्याची पेस्ट करून ठेवते. प्युरी नाही हां, पेस्ट. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं आणि ते आटवायचं एवढंच काम आहे, पण आटून आटून ५ किलोचे जेमतेम पाऊण किलो उरतं, तेव्हा घाबरू नका, तसंच होतं.

लांबट, पूर्ण लाल आणि कडक टोमॅटो घ्या, त्यात रस कमी नि गर जास्त असतो. फोडी करून पाणी न घालता, चमचाभर मीठ टाकून शिजवायच्या आणि चाळणीवर डावाने घासून गाळायच्या. मिक्सरला लावू नका, बिया वाटल्या गेल्या की पेस्ट कडसर लागते.

आता पसरट स्टीलचं पातेलं घ्या, अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंडी कढई नको, आंबटपणामुळे धातूची चव उतरते. सुरुवातीला गॅस मध्यम चालतो पण घट्ट व्हायला लागलं की एकदम बारीक करायचा, कारण तेव्हा शिंतोडे असे उडतात की हात भाजतो, आणि तळाला लागलं तर सगळी मेहनत वाया. अडीच-तीन तास लागतात. उलथन्याने मधोमध रेघ ओढली आणि ती मिटली नाही, कडेने पाणीही सुटलं नाही, की झाली पेस्ट.

गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठले की तुकडे पिशवीत काढून फ्रीझरमध्ये ठेवा, ५-६ महिने मस्त राहतात. बाटलीत भरून बाहेर ओट्यावर अजिबात ठेवायची नाही.

वापरताना बरेच जण चुकतात ते इथे, पेस्ट सरळ रश्श्यात ढवळतात आणि मग कच्चट वास येतो. कांदा, आलं-लसूण परतल्यावर पेस्ट तेलातच ३-४ मिनिटं परता, भडक लाल रंग विटकरी व्हायला हवा नि कडेने तेल सुटायला हवं, मगच मसाले आणि पाणी. आंबटपणा एकवटलेला असतो म्हणून गुळाचा खडा टाका. पावभाजीला एक-दोन तुकडे घातले की रंग काय येतो! साराला मात्र ताजेच टोमॅटो हवेत, तिथे पेस्ट जड लागते. आणि राजमा-छोले आधी पूर्ण शिजवून घ्या, आंबट आधी पडलं तर दाणे कितीही शिट्ट्या केल्या तरी टणकच राहतात.