फोर्जिंग डायवर कोबाल्टचा थर देताना या चुका टाळा

फोर्जिंग डाय म्हणजे तापलेल्या धातूला ठोकून आकार देणारा पोलादी साचा. त्यावर झीज कमी व्हावी म्हणून वेल्डिंगने स्टेलाइट 6 या कोबाल्ट मिश्रधातूचा थर देतात. या थराकडून साधारण 40 एचआरसी (रॉकवेल सी मापाने) कडकपणाची अपेक्षा असते. डायवर मोजलं की आकडा कमी भरतो आणि बोल लागतो वेल्डिंगच्या रॉडला. बहुतेक वेळा रॉड चांगलाच असतो, चुकतं ते वेल्डिंगचं सेटिंग. खालचं पोलाद वितळून थरात मिसळलं की त्यातलं लोखंड वाढतं आणि तापलेल्या डायला हवा असलेला कडकपणा घसरतो. याला डायल्यूशन म्हणतात. साध्या रॉडने पहिल्या थरात ते 20 ते 30 टक्क्यांपर्यंत सहज जातं, प्लाझ्मा पावडर पद्धतीत (प्लाझ्मा आर्कमध्ये धातूची पावडर वितळवून) 5 ते 10 टक्क्यांवर ठेवता येतं.

पहिली चूक करंटची. बीड (वेल्डची एक पट्टी) छान पसरावी म्हणून अँपिअर वाढवले जातात. दोन भाग जोडताना खोल पेनिट्रेशन (खालचा धातू आतपर्यंत वितळणं) हवं असतं, इथे तेच घातक. थर नीट चिकटेल एवढाच करंट ठेवा.

वेगाबद्दल मात्र खूप गैरसमज आहे. हात भरभर चालवला की डाय कमी वितळेल, असं वाटतं. प्रत्यक्षात रॉडच्या कामात करंट तोच ठेवून वेग वाढवला, तर आर्कखाली (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीखाली) वितळलेल्या धातूची गादी उरत नाही, आर्क थेट डायवर पडतो आणि डायल्यूशन वाढतं. म्हणून हळू जायचं का? त्यालाही मर्यादा आहे. 25 व्होल्ट, 120 अँपिअर आणि मिनिटाला 150 मिमी वेग असेल तर उष्णता पडते 1.2 किलोज्यूल प्रति मिमी. वेग 100 वर आणला की तीच 1.8 होते, आणि मग डाय वाकण्याची, बीडशेजारचा भाग बिघडण्याची भीती. म्हणून मी वेगाशी खेळण्याआधी ओव्हरलॅप बघायला सांगेन. नवी बीड आधीच्या बीडवर जवळजवळ अर्धी चढवा आणि आर्कचा रोख जुन्या बीडवर ठेवा. उष्णता न वाढवता डायल्यूशन उतरवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

शंका असेल तर त्याच पोलादाच्या तुकड्यावर थर द्या, आडवा कापा, पॉलिश करून नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावा. पोलाद काळवंडतं, कोबाल्टचा थर चकचकीत राहतो. मूळ पृष्ठभागाच्या खाली गेलेलं वेल्डचं क्षेत्रफळ भागिले वेल्डचं एकूण क्षेत्रफळ, हेच तुमचं डायल्यूशन.

दुसरा थर देऊनही डाय लवकर झिजते? मशिनिंगनंतर काय उरलं ते तपासा. थर भरण्यासाठी डायमध्ये घेतलेली खाच उथळ असेल तर चांगला वरचा थर मिलिंगमध्येच निघून जातो आणि कामाला उरतो तो पहिला, लोखंड मिसळलेला. खाच घेतानाच दोन थर आणि मशिनिंगची सूट धरा.

प्रीहीटमध्ये, म्हणजे वेल्डिंगआधी डाय तापवताना, नुसतं टॉर्चने वरून तापवून भागत नाही. एच 13 या टूल स्टीलची डाय भट्टीत आतपर्यंत 300 ते 400 अंश सेल्सिअसवर यायला हवी, आणि काम संपेपर्यंत 300 च्या खाली जाऊ देऊ नका. जेवणाच्या सुट्टीत उघड्यावर ठेवलेली डाय हमखास तडकते. नंतर सावकाश थंड करा, पण पूर्ण गार होऊ न देता, हाताला सोसेल इतकी कोमट असतानाच टेम्परिंगला (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवायला) घाला. टेम्परिंगचं तापमान डायच्या मूळच्या टेम्परिंगपेक्षा 20-30 अंश कमी.

बीडच्या शेवटी खड्डा सोडून आर्क तोडू नका. पेनिट्रंट टेस्टमध्ये (रंगीत द्रव लावून चिरा शोधण्याच्या चाचणीत) ताऱ्यासारखी चीर दिसली, तर ती बहुधा तिथलीच असते. ती पूर्ण ग्राइंड करून काढा, मगच पुढची बीड.