शुगरवाल्यांचे डोळे आणि पाय कसे सांभाळायचे: नव्या रक्तनळ्या नको तिथे उगवतात आणि हव्या तिथे उगवत नाहीत

आमच्या आप्पांना शुगर होऊन बारा वर्षं झाली, पण डोळ्याचा पडदा तपासायला कधी गेले नाहीत, म्हटलं की एकच उत्तर, "माले काय व्हयनं? चांगलं दिखस ना माले." मग मागच्या उन्हाळ्यात एका डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले, पडद्यापुढच्या जेलीत रक्त उतरलं होतं, आणि त्याच आठवड्यात चपलेने पायाला आलेला फोड फुटून जखम झाली ती काही केल्या भरेना. म्हणजे एकाच माणसाच्या डोळ्यात नको असलेल्या नव्या रक्तनळ्या उगवत होत्या आणि पायात पाहिजे त्या उगवत नव्हत्या. हे का होतं ते आधी सांगतो, थोडं लांबेल.

मोठेपणी शरीरात नव्या रक्तनळ्या सहसा बनतच नाहीत. जखम भरताना, बायकांच्या पाळीच्या चक्रात, गरोदरपणात वार तयार होताना, नियमित चालल्या-पळल्याने स्नायूंत, एवढंच. बाकी वेळ ब्रेक लागलेला. पण रक्तनळीतून ऑक्सिजन फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटर पोचतो, त्यापलीकडची पेशी गुदमरते, आणि गुदमरली की तिच्यात एचआयएफ नावाचं प्रोटीन साठायला लागतं. ऑक्सिजन असला की हेच प्रोटीन लगेच मोडून टाकलं जातं (हा सगळा प्रकार शोधणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं). साठलेलं एचआयएफ मग व्हीईजीएफ नावाचं दुसरं प्रोटीन सोडायला लावतं, म्हणजे निरोपच, की इकडे नळी ओढा.

आमच्या चोपड्याकडच्या केळीवाल्याला हे एका वाक्यात कळतं. ड्रिपची नळी चोक झाली, टोकाच्या झाडांना पाणी पोचेना, म्हणून कोणी घाईत भोक पाडून दुसरी नळी टोचली तर पाणी जातं पण जोडावर गळत राहतं. डोळ्यात तेच होतं. शुगरने पडद्याच्या बारीक नळ्या बंद पडतात, पडदा व्हीईजीएफ सोडत बसतो, त्याने जुन्या नळ्या झिरपायला लागतात, पडद्याला सूज येते, आणि ज्या नव्या उगवतात त्या इतक्या कच्च्या की जराशा ताणाने रक्त येतं. दुखत काहीच नाही, म्हणून तर आप्पांना "चांगलं दिखस" वाटत होतं.

तर काय करायचं. टाइप २ शुगर ज्या दिवशी कळली तेव्हाच पडदा तपासा आणि पुढे दरवर्षी, चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा बघितला असं नाही, बाहुली मोठी करणारे थेंब टाकलेत का ते विचारा. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, आम्ही शहाणे बाइकवर गेलो होतो, मे महिन्यातल्या दुपारी आप्पा डोळ्यावर रुमाल धरून मागे बसले. गॉगल न्या, एसटीने जा. अजून एक, खूप वाढलेली शुगर इन्शुलिनने झपाट्याने खाली आणायची असेल तर त्याआधी डोळे दाखवून घ्या, कधीकधी सुरुवातीला पडदा उलट बिघडतो. म्हणून इन्शुलिन टाळायचं असं मात्र नाही.

डॉक्टर इंजेक्शन म्हणाले तर ते व्हीईजीएफचा निरोप अडवणारं औषध असतं. त्यातलं बेव्हासिझुमॅब २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, कारण कॅन्सरची गाठसुद्धा असंच निरोप पाठवून स्वतःला रक्त ओढून घेते, हा विचार जुडा फोकमन या अमेरिकन सर्जननी १९७१ मध्ये मांडला होता. तेच औषध अगदी थोडं, ०.०५ मिली, डोळ्यात देतात आणि ते स्वस्त पडतं, तेव्हा खर्चाचं विचारायला लाजू नका. अलीकडे हार्ट अटॅक किंवा लकवा झाला असेल, डोळ्याला रांजणवाडी असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. सुईची भीती वाटते पण थेंबांनी डोळा बधिर असतो, नंतर जी चुरचुर होते ती बहुतेक त्या तपकिरी आयोडीनची. एक-दोन दिवस लाली चालते, पण दुखणं वाढत गेलं, नजर कमी झाली तर तारखेची वाट न बघता तसंच उठून जा. आणि एका इंजेक्शनात भागत नाही, निरोप परत सुरू होतो. लेझर वेगळं, त्यात पडद्याच्या कडा भाजतात म्हणजे ऑक्सिजनची मागणीच कमी होते.

आता पाय. इथे शुगरमुळे पेशी गुदमरली तरी निरोप नीट निघत नाही, त्यात मोठ्या नळ्या आखडलेल्या, वर बिडी. जखमेचा तळ लालभडक, ओला, दाणेदार दिसला तर घाबरू नका, ते दाणे म्हणजेच नव्या रक्तनळ्या, पण हलक्या हाताने टिपतानाही चटकन रक्त येत असेल तर दाखवून घ्या, जखमेत जंतू असू शकतात. तळ फिकट, पिवळा किंवा काळा दिसला तर सर्जनला दाखवा, पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी करायला सांगा. बाजारात "नसा मोकळ्या करणारी" पावडर मिळते त्यावर पैसे घालू नका. आणि घरात कोणाला कॅन्सरसाठी बेव्हासिझुमॅब सलाइनमधून चालू असेल तर दात काढायचा असो की ऑपरेशन, आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, कारण त्या औषधाने साधी जखमही भरायला वेळ लागतो, मोठ्या ऑपरेशनआधी ते निदान २८ दिवस थांबवतात.

आप्पा आता शेतातही अनवाणी जात नाहीत. पाय बधिर असला की तापलेल्या मातीचा चटका कळतच नाही. रोज रात्री मी मोबाइलच्या टॉर्चने तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघतो, रविवारी जखमेशेजारी (वर नाही, शेजारी) रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढतो. पहिल्या फोटोत जखम नाण्यापेक्षा मोठी होती, परवाच्या फोटोत अर्ध्या नाण्याएवढी आहे.