माहितीचं पुस्तक घेताना मधलं पान उघडा

नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं ढिगानं मिळतात. मुंगी काय खाते, लोकल कशावर चालते, हे खरंखुरं सांगणारी आणि त्यांची त्यांना वाचता येणारी मात्र शोधावी लागतात. मी ठाण्यात नौपाड्याला डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं संगणकावर मांडायचं काम करतो, मुलगी दुसरीत आहे. त्यामुळे मी पुस्तक मुखपृष्ठावरच्या वयावरून घेत नाही, आतल्या टाइपावरून घेतो.

मधलं कुठलंही पान उघडा आणि जोडाक्षरं मोजा. ओळीओळीला दोन-तीन असतील, तर ते पुस्तक आपण वाचून दाखवायचं. माहितीच्या पुस्तकांची गोम इथेच आहे: ‘पाण्याची वाफ होते’ म्हणून भागलं असतं तिथे ‘बाष्पीभवन’ येतं. पानावर असा एखादा शब्द चालतो, मुलं तो शेजारीपाजारी मिरवतातही. मग अक्षर बघा. अठरा-वीस पॉइंटांपेक्षा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) बारीक असेल, तर रफार आणि अनुस्वार लहान डोळ्यांना सारखेच दिसतात. रंगीत चित्रावर छापलेला मजकूर मी सरळ बाद करतो.

ठाण्यात आधी मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. १८९३ पासून आहे. काउंटरवर नुसतं ‘माहितीपर’ म्हणू नका, स्पर्धापरीक्षेची पुस्तकं पुढ्यात यायची. ‘पहिली-दुसरीसाठी, प्राण्यांवर’ असं नेमकं सांगा.

तिथे नाही मिळालं, तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ. भाषा मराठी आणि पातळी १ निवडा. या पातळीवर अख्ख्या पुस्तकात जास्तीत जास्त अडीचशेच शब्द असतात. विषयांत विज्ञान, निसर्ग असं काही निवडा, नाहीतर पुन्हा गोष्टीच येतील. पीडीएफ फुकट उतरवता येते. परवाना खुला आहे, त्यामुळे छापायला हरकत नाही.

झेरॉक्सवाला एका कागदावर चार पानं बसवून देतो म्हणेल. नको म्हणा, अक्षर पुन्हा बारीक होतं. ए-फोर आडवा, एका बाजूला एकच पान, पाठपोट. कागद जरा जाड घ्या, पातळ कागदातून मागचं चित्र दिसतं. बाकी काळंपांढरं चालेल, पण पक्ष्यांचं पुस्तक रंगीतच काढा: ठाणे खाडीतला फ्लेमिंगो राखाडी छापून कोण ओळखणार? डावीकडे दोन पिना मारा, टोकं बोटांना लागू नयेत म्हणून वरून सेलोटेप.