टेबलाच्या कडेला डोळा: ‘फ्लॅटलँड’वरून आपली कलाकृती कशी करावी

एडविन ॲबट ॲबट हे लंडनच्या सिटी ऑफ लंडन स्कूलचे मुख्याध्यापक होते, आणि १८८४ साली त्यांनी ‘एक चौरस’ अशा अर्थाच्या टोपणनावाने ‘फ्लॅटलँड’ ही छोटीशी कादंबरी प्रसिद्ध केली. लांबी आणि रुंदी एवढ्या दोनच मिती असलेल्या जगात राहणारा एक चौरस आपल्या समाजाची हकिकत सांगतो, आणि एके रात्री तिसऱ्या मितीतून आलेला चेंडूसारखा गोल त्याच्या सगळ्या समजुती उलथून टाकतो, एवढेच तिचे कथानक आहे. तरीही चित्रकार, ॲनिमेशन करणारे, पुस्तके हाताने बांधणारे आणि गणिताचे शिक्षक तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळत आले आहेत. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० च्या ‘कॉसमॉस’ या दूरचित्रवाणी मालिकेत हाच सपाट देश एका सफरचंदाच्या साहाय्याने प्रेक्षकांना समजावला होता. ज्यांना या कथेवरून स्वतः काही करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. लागणारे साहित्य बहुतेक घरातलेच आहे.

पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. पुस्तक वाचून झाले की माणूस कोरा कागद घेतो आणि त्यावर त्रिकोण, चौरस, षटकोन, पंचकोनी घरे असा वरून दिसणारा नकाशा काढतो. चित्र नेटके होते, पण ते आपल्याला दिसणाऱ्या फ्लॅटलँडचे असते. तिथल्या रहिवाशाला आयुष्यात कधीही त्रिकोण ‘दिसत’ नाही, त्याला फक्त रेघ दिसते. या पुस्तकातून काही घडवायचे असेल तर आपला डोळा वरून उचलून टेबलाच्या कडेला आणावा लागतो, आणि पुढच्या सगळ्या कृती त्याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

नाणे आणि रेघ

ॲबट यांनी स्वतःच वाचकाला एक नाणे टेबलावर ठेवायला सांगितले आहे, आणि हा प्रयोग वाचून सोडून न देता खरोखर करावा. टेबलाच्या मध्यावर दहा रुपयांचे नाणे ठेवून आधी सरळ वरून पाहावे, मग डोळा हळूहळू खाली आणावा. वर्तुळ आधी लंबगोल होते, लंबगोल चपटा होत जातो, आणि डोळा टेबलाच्या पातळीला आला की नाण्याची केवळ एक रेघ उरते. आता पुठ्ठ्याचे त्रिकोण, चौरस आणि पंचकोन कापून तसेच ठेवावेत. त्यांच्याही रेघाच दिसतील, आणि कोणती रेघ कोणाची हे सांगता येणार नाही.

मग तिथले लोक एकमेकांना ओळखतात कसे? खालच्या वर्गातले हाताने चाचपून ओळखतात आणि वरच्या वर्गातले धुक्याच्या आधाराने पाहून ओळखतात. धुक्यामुळे जवळचा भाग ठळक आणि लांबचा भाग पुसट दिसतो. चित्रकाराला या पुस्तकात याहून चांगले काही सापडणार नाही, असे माझे मत आहे, कारण इथे ॲबट यांनी छायांकनाचा एक पूर्ण धडाच दिलेला आहे आणि बहुतेक वाचक तो घाईने ओलांडून पुढे जातात.

हा धडा हातात बसवण्यासाठी २० सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद अशा कागदाच्या पाच-सहा पट्ट्या कापाव्यात आणि ४बी पेन्सिल घ्यावी. प्रत्येक पट्टी म्हणजे समोर उभ्या असलेल्या एका व्यक्तीचे दर्शन. तिचा कोपरा बरोबर आपल्यासमोर आहे असे धरावे. कागद पांढरा असल्यामुळे धुकेही पांढरे मानावे, म्हणजे जवळचा कोपरा गडद होईल आणि बाजू मागे जातील तशा कागदात विरत जातील. किती वेगाने विरायचे हे कोनावर ठरते. समभुज त्रिकोणाची बाजू एक सेंमी बाजूला सरकताना सुमारे १.७ सेंमी मागे जाते, चौरसाची बरोबर १ सेंमी, पंचकोनाची सुमारे ०.७ आणि षटकोनाची ०.६ सेंमी. त्यामुळे त्रिकोणाच्या पट्टीवर मध्यभागी गडद ठिपका पडून दोन्ही बाजूंना छटा झपाट्याने उतरते, तर षटकोनाच्या पट्टीवर ती रेंगाळत उतरते. वर्तुळाची पट्टी सर्वांत अवघड असते, कारण तिथे कोपराच नसतो. मधला मोठा भाग जवळजवळ एकसारखा गडद राहतो आणि टोकांशी आल्यावर छटा एकदम कोसळते.

या पट्ट्या एकाखाली एक चिकटवल्या की त्या समाजाची गर्दी तयार होते, आणि ती एखाद्या रहिवाशाच्या नजरेतून दिसणारी गर्दी असते. कोणी विचारले की यात माणसे कुठे आहेत, तर त्याला नाण्याचा प्रयोग दाखवावा.

समाज कसा रंगवावा

या देशात बाजू जितक्या जास्त तितका दर्जा वरचा. मजूर आणि सैनिक हे समद्विभुज त्रिकोण, मध्यमवर्ग समभुज त्रिकोण, वकील-डॉक्टरांसारखे लोक चौरस आणि पंचकोन, षटकोनापासून पुढे सरदार, आणि बाजू मोजता येऊ नयेत इतक्या झाल्या की ते वर्तुळ म्हणजे धर्मगुरू. सामान्य नियम असा की मुलाला बापापेक्षा एक बाजू जास्त असते. ज्यांच्या बाजू समान नाहीत ते ‘अनियमित’ म्हणून जन्मतःच संशयित ठरतात. जन्मावरून दर्जा ठरवणारी उतरंड कशी असते हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ॲबट यांचा रोख मात्र व्हिक्टोरियन इंग्लंडवर होता, हे चित्र काढताना विसरू नये.

स्त्रिया या जगात केवळ रेषा आहेत. समोरून आल्या तर बिंदूएवढ्या दिसतात आणि त्यामुळे सुईसारख्या धोकादायक असतात, म्हणून त्यांना वेगळे दार असते आणि चालताना सतत आवाज करत राहण्याचे बंधन असते. हा भाग तेव्हाही खटकला होता. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, कथा सांगणारा चौरस आपल्या समाजाच्या इतिहासकारांची मते उचलून बोलत होता, असा खुलासा दिलेला आहे. ॲबट स्वतः मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते होते. कलाकाराने हा भाग गाळू नये आणि गोडही करू नये. वेगळे दार काढायचे असेल तर ते अरुंदच काढावे, म्हणजे बोच पाहणाऱ्याला आपोआप जाणवते.

रंगाचे बंड हे प्रकरण मात्र चित्रकारासाठीच लिहिले असावे असे वाटते. क्रोमॅटिस्टिस नावाचा एक पंचकोन रंगाचा शोध लावतो, स्त्रिया आणि धर्मगुरू सोडून सगळे आपापल्या बाजू रंगवू लागतात, आणि रंगावरून माणूस ओळखता येऊ लागल्यावर कोन मोजण्याची विद्या निरुपयोगी होते. मग सर्वांना समान मानण्याची मागणी पुढे येते. स्त्रिया आणि धर्मगुरू यांना एकाच पद्धतीने, अर्धे तांबडे आणि अर्धे हिरवे, रंगवावे असा कायद्याचा मसुदा येतो, आणि बाजूने पाहिले तर दोघेही सारखेच दिसतील हे त्यातले खरे स्फोटक असते. शेवटी बंड मोडून काढले जाते आणि रंगावर बंदी येते. आधी केलेल्या राखाडी पट्ट्यांचीच दुसरी प्रत काढून ती जलरंगाने रंगवावी. छटांवरून ओळखू येणारे फरक रंगाखाली कसे बुजतात हे तिथे हाताने कळते. वर्तुळाची आणि स्त्रीची पट्टी शेजारी ठेवून त्या बाजूने दिसतात तशा रंगवल्या तर हा सगळा राजकीय पेच दोन पट्ट्यांत मावतो.

पाहुण्याचे आगमन

१९९९ या वर्षाच्या शेवटच्या दिवशी गोल चौरसाच्या घरात उतरतो. आपल्याला हा प्रसंग फ्लिपबुकमध्ये, म्हणजे पाने भराभर सरकवली की चित्र हलताना दिसते अशा छोट्या वहीत, उत्तम दाखवता येतो, पण माझे पहिले फ्लिपबुक इथेच फसले होते. प्रत्येक पानावर वर्तुळ सारखे-सारखे मोठे करत गेलो, आणि पाने सरकवल्यावर गोल येण्याऐवजी दोन शंकू तोंडाला तोंड लावून येऊन गेले. गोलाचा छेद, म्हणजे सपाट देशाच्या पातळीत येणारा त्याचा वर्तुळाकार काप, सुरुवातीला झपाट्याने फुगतो आणि मध्याजवळ जवळजवळ थांबतो. त्रिज्या पायथागोरसच्या नियमाने काढावी.

२५ मिमी त्रिज्येचा गोल दर पानाला २.५ मिमी खाली येतो असे धरले, तर छेदांच्या त्रिज्या साधारण अशा येतात: ०, ११, १५, १८, २०, २१.५, २३, २४, २४.५, २५, २५ मिमी, आणि मग २५ पासून त्याच क्रमाने उलट ० पर्यंत. यातला मधला आकडा एकदाच धरायचा, म्हणजे २१ पाने होतात. सुरुवातीला आणि शेवटी सहा-सहा पाने कोरी ठेवावीत, कारण पाहुणा कुठूनही न येता प्रकट होतो आणि कुठेही न जाता नाहीसा होतो, हेच चौरसाला भेडसावते. पोस्टकार्डाइतका जाड कागद १२ सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद कापावा, सगळी पाने चळत करून कंपासच्या टोकाने एकदाच आरपार टोचावी म्हणजे सर्व वर्तुळांचा मध्य एकाच जागी येतो, आणि डाव्या बाजूला घट्ट क्लिप लावावी.

आता प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूला, त्या वर्तुळाच्या व्यासाएवढी एक आडवी रेघ काढावी. पुस्तक एका बाजूने सरकवले की आपण पाहतो ते वर्तुळ दिसते, आणि उलटून सरकवले की चौरसाला दिसले ते दिसते: एक रेघ उगवते, लांबते, आखडते आणि मिटते. माझ्या पाहण्यात, हातात घेणारा माणूस मागची बाजू जास्त वेळा सरकवून पाहतो.

गोल जमल्यावर इतर पाहुणे आणावेत. काचेची किंवा धातूची बांगडी उभी धरून बादलीतल्या पाण्यात हळूहळू बुडवावी आणि केवळ पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहावे. आधी एक ठिपका, मग एकमेकांपासून दूर जाणारे दोन, मग पुन्हा जवळ येऊन एक होणारे. सपाट देशातल्या कोणालाही ते दोन वेगळे जीवच वाटतील. या एका दृश्यावर छोटी कथा उभी राहू शकते.

घन मात्र कसा येतो यावर सगळे अवलंबून असते. सपाट बाजूने आला तर चौरस एकदम दिसू लागतो आणि एकदम नाहीसा होतो, त्यात नाट्य काहीच नाही. कोपऱ्यावर उभा राहून आला तर आधी त्रिकोण वाढतो, मग त्याची टोके छाटली जातात, आणि बरोबर मध्यावर नियमित षटकोन मिळतो. हे पाहण्यासाठी बटाट्याचा चार सेंमी बाजूचा घन कापावा. समोरासमोरचे दोन कोपरे निवडून, त्यांना न लागणाऱ्या सहा कडांच्या मध्यावर टाचणीने खूण करावी आणि त्या सहाही खुणांतून सुरी न्यावी. शाळेत ज्या पद्धतीने बटाट्याचे ठसे काढत असू त्याच पद्धतीने, कापलेली बाजू पुसून कोरडी करून, रंग लावून कागदावर उमटवावी. घनातून षटकोन निघालेला पाहून मोठी माणसेही बटाटा उलटसुलट करून पाहतात.

चौथ्या मितीकडे

चौरस गोलाला विचारतो की तीन मिती असतील तर चौथी का नसावी, आणि स्वतःला ज्ञानी म्हणवणारा गोल त्यावर चिडतो. चौरसाचा तर्क साधा आहे: बिंदूला १ टोक, रेषेला २, चौरसाला ४, घनाला ८, तर पुढच्या आकृतीला १६. ती काढायची असेल तर दोन घन थोडे सरकवून काढावेत आणि जुळते आठ कोपरे रेघांनी जोडावेत. १२ आणि १२ कडा, वर ८ जोडरेघा, अशा ३२ कडा होतात. दोन घनांना वेगळे रंग दिले नाहीत तर रेघांचे जाळे लगेच गोंधळते. या आकृतीला ‘टेसरॅक्ट’ हे नाव ब्रिटिश गणितज्ञ चार्ल्स हॉवर्ड हिंटन यांनी १८८८ मध्ये दिले.

ती उलगडली तर आठ घन मिळतात. एकावर एक चार घन, आणि वरून दुसऱ्याच्या चारही बाजूंना एकेक. साल्वादोर दाली यांनी १९५४ च्या चित्रात ख्रिस्ताचा क्रूस म्हणून हाच उलगडा वापरला, आणि ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पुठ्ठ्याचे आठ ठोकळे करून तो घरी उभारता येतो. चिकटवण्यापूर्वी खालचा ठोकळा वाळूने भरावा, नाहीतर रचना कलंडते.

मांडणी आणि हक्क

ॲबट १९२६ साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कृती सर्वांसाठी खुली होते, त्यामुळे मूळ मजकूर आणि त्यातली आकृत्यांची चित्रे वापरायला, भाषांतर करायला आणि त्यांत बदल करायला हरकत नाही. नंतरचे चित्रपट, टिपांसह निघालेल्या नव्या आवृत्त्या आणि इतरांनी लिहिलेले पुढचे भाग यांना मात्र ही सवलत लागू होत नाही.

पट्ट्या एकत्र ठेवायच्या असतील तर एका लांब कागदाला वर-खाली घड्या घालून पंख्यासारखे पुस्तक करावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एरियन प्रेसने १९८० साली ‘फ्लॅटलँड’ची आवृत्ती अशाच घडीच्या स्वरूपात काढली होती. प्रदर्शनात ठेवताना ते टेबलावर आडवे पसरू नये. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला, एक लहान फळी ठोकून तिच्या कडेवर पट्टी उभी करावी, आणि शेजारी त्याच पातळीवर नाणे व पुठ्ठ्याचे आकार ठेवावेत. मुलांसाठी दुसरी फळी त्यांच्या उंचीला लावावी, नाहीतर ती टाचा उंचावून वरून बघायचा प्रयत्न करतात.