कंबर ओढून घेताय? या चुका टाळा

कंबर धरली की घरातलं कुणीतरी पाय ओढायला सरसावतं. फिजिओथेरपिस्ट हाताने ट्रॅक्शन, म्हणजे कंबरेला ओढ, देतात ते लांबून असंच दिसतं, पण त्यात खूप काही पाहावं लागतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे तपासणीआधीच ओढणं. हाडं ठिसूळ झालेली, पडून मार बसलेला, मणक्याचा टीबी किंवा कॅन्सर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर कंबर ओढून घेऊ नका. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दुसरी चूक, पाय ताठ ठेवून हिसका देणं. ताठ पायांनी कंबरेचा बाक तसाच राहतो आणि बरीचशी ओढ गुडघ्या-खुब्यातच जिरते. उताणं झोपून गुडघे वाकवले, पोटऱ्या स्टुलावर टेकवल्या की कंबर गादीला लागते. मग थेरपिस्ट अंगाचा भार मागे टाकत सावकाश ओढतो, काही सेकंद धरतो आणि तितक्याच सावकाश सोडतो. झटक्यात सोडलं तर स्नायू आखडून कळ येते.

माझ्या मते या उपचारात हातापेक्षा कान महत्त्वाचे. ओढ चालू असताना विचारत राहायचं, "कळ आता कुठे आहे?" सायटिकाची (कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेची) कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी लक्षण चांगलं. कळ पावलाकडे उतरली, मुंग्या वाढल्या, की लगेच थांबायचं. "थोडं सहन करा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, स्पष्ट नाही म्हणा.

झाल्यावर ताडकन उठू नका. कुशीवर वळा, हाताचा रेटा देत बसा.

आणि सगळी भिस्त ट्रॅक्शनवर नको. उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात रुग्णांवर झालेल्या ३२ चाचण्या पाहिल्या गेल्या; दुखणं किंवा कामावर परतणं यात ट्रॅक्शनने फारसा फरक पडलेला दिसला नाही. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर २०१६ मध्ये कंबरदुखीला ते देऊच नका असं सांगितलं. तरी काहींना ओढ घेतल्यावर थोडा वेळ मोकळं वाटतं. तो वेळ पडून राहण्यात घालवू नका, चाला, सांगितलेले व्यायाम करा. चार-सहा बैठकींनंतरही फरक नसेल तर पुढचं पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या.