स्टेनलेसचा जॉइंट तपासताना वेल्डच्या कडेला बघा

चांगल्या टिग (अरगॉन वायूखाली आर्कने जोडणाऱ्या) वेल्डरचा सुबक जॉइंट समोर आला की नवीन इन्स्पेक्टर बीडच, म्हणजे वितळून गोठलेल्या धातूची ओळच, न्याहाळत बसतो. पण अणुवीज केंद्रातल्या पाइपला तडा सहसा बीडमध्ये जात नाही. तो जातो कडेला, काही मिलिमीटरवर, आणि बहुतेकदा आतून. मी फॅब्रिकेशन शॉपमध्ये इन्स्पेक्शन करते. माझं सगळं डोकं त्या पट्टीवर असतं.

३०४ या नेहमीच्या स्टेनलेस ग्रेडमध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास असतं आणि कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो. वेल्डिंग करताना शेजारचा धातू ४५० ते ८५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळला, की हा कार्बन धातूच्या कणांच्या सीमांवर क्रोमियमला बांधून टाकतो. सीमेलगत क्रोमियम १२ टक्क्यांखाली गेलं की तिथे गंजाला वाट मिळते. विटा शाबूत आणि मधले सांधे पोखरलेले, अशी भिंत होते. त्यात भर म्हणजे वेल्ड आकसताना कोंडलेला ताण, आणि उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीतलं २८८ अंशांचं, किंचित ऑक्सिजन असलेलं पाणी. तिन्ही एकत्र आले की तडा चालू लागतो. अमेरिकेत ड्रेस्डेन केंद्राच्या बायपास पाइपांत १९७४ मध्ये हेच सापडलं. आपल्या तारापूरची १९६९ ची पहिली दोन युनिटं याच, उकळत्या पाण्याच्या जातीची. ती २०२० पासून बंद ठेवून जे नूतनीकरण हाती घेतलं, त्यात रिसर्क्युलेशन (अणुभट्टीतलं पाणी फिरवणारं) पाइपिंग बदलायचं काम होतं.

आता कामाला लागू. आधी सर्टिफिकेट वाचा. नुसतं '३०४एल' बघून पुढे जाऊ नका, कार्बनचा आकडा बघा: एल (कमी कार्बनच्या) ग्रेडला कमाल ०.०३ टक्के, न्यूक्लिअर ग्रेड ३१६ ला ०.०२. हीट नंबर (धातूच्या ओताचा नंबर) पाइपवरच्या नंबरशी जुळवा. फिलर, म्हणजे जॉइंटमध्ये भरायची तार, ३०४एल ला ३०८एल. वेल्डमध्ये थोडा फेराइट (पोलादाची चुंबकीय रचना) हवाच, नाहीतर गरम असतानाच तडकतो. फेराइट मीटरवर ५ ते १० आला की मी खूश.

मग उष्णता. दोन पासमधलं (वेल्डच्या थरांमधलं) तापमान १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. प्रॉडक्शनवाले म्हणतील, 'मॅडम, गार झालंय, हात लावून बघा.' हात नाही, कॉन्टॅक्ट थर्मामीटर लावा. तापमानाचा खडू (ठरावीक तापमानाला वितळणारा) वापरायचाच असेल तर क्लोराइड-सल्फर कमी असल्याचा दाखला असलेलाच घ्या. बीड सरळ आणि बारीक मारायला लावा, झुलवत रुंद नको. पाइपच्या आतून सोडलेला अरगॉन वायू (पर्ज) रूट, म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर, झाल्या झाल्या बंद करू नका, पुढचे एक-दोन थर होऊ द्या. रूट फिकट सोनेरी असेल तर ठीक. निळा-काळा दिसला तर का झाला ते आधी शोधा.

सगळ्यात जास्त भांडण माझं ग्राइंडरशी आहे. एल ग्रेड घेतला म्हणजे सुटलो, असं शॉपमध्ये सर्रास मानतात. जपानमध्ये कमी कार्बनच्या ३१६एल लाही तडे गेलेले सापडले, कारण मशिनिंग आणि ग्राइंडिंगने वरचा पातळ थर कडक होऊन बसला होता. म्हणून पाण्याला लागणाऱ्या आतल्या बाजूला हँड ग्राइंडर नाहीच. बाहेरून कॅप (वेल्डचा सगळ्यात वरचा थर) सपाट करायची तर हलक्या हाताने, शेवट बारीक फ्लॅप व्हीलने. कार्बन स्टीलवर फिरलेलं चाक किंवा ब्रश स्टेनलेसजवळही आणायचा नाही.

क्लोराइड बाहेरूनही घात करतं. घामट हात, साधा मार्कर, चिकटपट्टी, चुकीचं इन्सुलेशन, समुद्राची हवा. किनाऱ्यावरच्या साइटवर जाणारे स्पूल (शॉपमध्ये जोडून तयार केलेले पाइपचे भाग) टोपी लावून, गुंडाळूनच पाठवा.

तपासणीत रेडिओग्राफीवर विसंबू नका. असा बारीक, फाटे फुटलेला तडा फिल्मवर सहज निसटतो. अल्ट्रासॉनिक हवीच, आणि प्रोब वेल्डच्या दोन्ही बाजूंनी फिरायला जागा हवी. ही जागा ड्रॉइंगच्या वेळीच मागा, एल्बोला व्हॉल्व्ह चिकटवल्यावर नाही. कणांच्या सीमा कमजोर झाल्यात का ते बघायला नमुन्यावर ऑक्झॅलिक ॲसिडची चाचणीही स्वस्त आहे: १० टक्के द्रावण, दर चौरस सेंटीमीटरला १ अँपिअर, दीड मिनिट. सूक्ष्मदर्शकात एखादा कण चरांनी पूर्ण वेढलेला दिसला तर लगेच नापास नाही, पुढची मोठी चाचणी लावायची.

राहिली रिपेअर. फ्रान्समध्ये पेन्ली केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये २०२३ साली २७ मिलिमीटर जाडीच्या पाइपात २३ मिलिमीटर खोल तडा निघाला. तो जॉइंट बांधणीच्या वेळी दोनदा रिपेअर झालेला होता. प्रत्येक रिपेअरने उष्णता आणि ताण दोन्ही वाढतात. म्हणून रिपेअरची जागा, खोली, खेप नकाशावर मांडा आणि तो नकाशा जॉइंटच्या फाइलीत ठेवा, म्हणजे पुढे अल्ट्रासॉनिकवाला तिथेच आधी प्रोब लावेल. त्याच जागी दुसऱ्यांदा रिपेअर मागितली तर मी सही करत नाही. तुकडा कापा, नवा जोडा.